डान्स पोल घरी लावून वर्ष होत आलं: माझा अनुभव

पोल डान्ससाठीचा पोल, म्हणजे जमिनीपासून छतापर्यंतचा उभा खांब, घरी लावून वर्ष होत आलं. त्याआधी काही महिने स्टुडिओत शिकत होते, अजूनही शनिवारी जाते. ज्यांना नुसता निकाल हवाय त्यांना आधीच सांगून टाकते: व्यायाम म्हणून पैसे पुरेपूर वसूल, वस्तू म्हणून कटकटीची. आणि लोक काय म्हणतील ही धास्ती होती, तर ज्यांची होती ते फारसं काही बोलले नाहीत, भलतेच लोक बोलले. आता सविस्तर.

मी ठाण्यात राहते, चाळिशीला टेकले आहे, काम ऑडिटचं, म्हणजे दिवसभर खुर्ची आणि लॅपटॉप. जिममध्ये मन कधी रमलं नाही. ट्रेडमिलवर चालत समोरच्या टीव्हीत कुणाचं तरी लग्न बघायचं, यात काय मजा आहे मला कळत नाही. पोलकडे वळले ते कृती खरबंदा आणि यामी गौतम यांचे व्हिडिओ बघून. नट्यांचं खूळ म्हणणारे म्हणोत, पण आपल्याकडेही बायका हे शिकतात एवढं तरी मला त्यांच्यामुळे कळलं.

आधी वस्तूबद्दल. घरी लावायचा पोल बहुतेक वेळा प्रेशरवर बसणारा असतो. छताला भोक पाडायचं नाही. खाली चकती, वर घुमट, मध्ये स्टीलची नळी, आणि आतला स्क्रू फिरवून ती जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणून बसवायची. म्हणजे वर खरा स्लॅब पाहिजे. परदेशातल्या बायका लाकडी छतात तुळई शोधत बसतात, आपल्याकडे आरसीसी स्लॅब असल्याने तो त्रास नाही. आपला त्रास वेगळा: पीओपीचं फॉल्स सीलिंग. त्याला पोल टेकवलात तर सीलिंग, पोल आणि तुम्ही असे तिघं एकदमच खाली याल.

आमच्या हॉलमध्ये पीओपी फक्त कडेने आहे, मध्ये मोकळा स्लॅब. मोकळ्या स्लॅबच्या बरोबर मध्ये अर्थातच पंखा. पोलभोवती सगळीकडून हात-पाय पसरता येतील एवढी जागा लागते, त्यामुळे पंख्याजवळ पोल लावणं म्हणजे आत्महत्या. पंखा उतरवला, भिंतीवर वॉल फॅन आला. पंख्याच्या हुकाची जी डबी स्लॅबमध्ये असते तिथे पोकळी असते, म्हणून पोल तिथून हातभर बाजूला घेतला. सासूबाईंची पहिली तक्रार पोलबद्दल नव्हती, पंख्याबद्दल होती. ती अजून चालू आहे.

उंची नीट मोजा, आणि एका जागी नाही, दोन-तीन जागी. एक्स-पोल या प्रसिद्ध ब्रिटिश कंपनीचा घरगुती पोल साधारण २,२३५ ते २,७४५ मिलिमीटर उंचीत बसतो, म्हणजे जास्तीत जास्त नऊ फूट. आपल्या कितीतरी इमारतींमध्ये स्लॅब त्याहून चार-सहा इंच वर असतो आणि मग एक्स्टेन्शन वेगळं घ्यावं लागतं. माझा पोल देशी बनावटीचा आहे, नाव लिहीत नाही, पण एक्स्टेन्शनची गोष्ट विक्रेत्याने पार्सल घरी आल्यावर सांगितली. ते येईपर्यंत पोल सोफ्यामागे आडवा पडून होता आणि येणारा-जाणारा ‘पडद्याचा रॉड का हो?’ असं विचारत होता.

नळीची जाडी, म्हणजे बाहेरचा व्यास, ४५ मिलिमीटर घ्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही तीच असते आणि स्टुडिओत बहुधा तीच मिळते, त्यामुळे हाताची सवय बदलत नाही. क्रोमचा मुलामा दिलेला पोल सगळीकडे मिळतो. ज्यांना खोट्या दागिन्यांची ॲलर्जी येते त्यांनी मात्र स्टेनलेस स्टील बघावं, कारण क्रोमखाली निकेलचा थर असतो. पितळेचा पोल सगळ्यात चांगली पकड देतो असं शिकवणारे सांगतात, आणि स्टुडिओतल्या पितळी पोलवर चढल्यावर मला ते पटलं. क्रोमची खरी परीक्षा आपल्या पावसाळ्यात होते. जुलैमध्ये पोलला अक्षरशः घाम फुटतो, तळव्यांना तर फुटतोच. एसी ड्राय मोडवर टाकून अर्धा तास खोली कोरडी करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पोल पुसायचा, हाताला लिक्विड चॉक, म्हणजे पकडीसाठीचा पातळ खडू, लावायचा, आणि एवढं करून पाच मिनिटांनी पुन्हा पुसायचा. जानेवारीत उलटं: थंडगार स्टीलवर कातडी चिकटत नाही, म्हणून आधी पोलला हाताने चोळून ऊब आणावी लागते.

तेल हा पोलचा शत्रू. दिवाळीत अभ्यंगस्नान केलंत की दोन दिवस पोल विसरा. साबण कितीही लावा, मांडीला तेलाचा अंश राहतो आणि तुम्ही सरळ खाली. आमच्या कामाच्या मावशींनी एकदा फर्निचर पॉलिशच्या फडक्याने पोल लख्ख पुसून ठेवला होता. ‘आज चांगला चमकवलाय बघा, ताई,’ म्हणाल्या. नशीब, मी आधी हात लावून बघते. आता पोलचं फडकं वेगळं, खिळ्याला टांगलेलं, आणि मावशी त्याला हात लावत नाहीत.

पोल दोन तऱ्हेने वापरता येतो: स्थिर, किंवा बेअरिंगवर गरगर फिरणारा. एलन की फिरवून बदलायचं, दोन मिनिटांचं काम. फिरता पोल बघायला सुंदर आणि सुरुवातीला पोट ढवळणारा. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. माझ्या पोलचं बेअरिंग सहा-सात महिन्यांनी कुरकुरायला लागलं. कंपनीला फोन केला तर ‘मॅडम, असं होतं’ एवढंच उत्तर. सायकलच्या दुकानातल्या काकांनी उघडून ग्रीस भरून दिलं, पैसेही घेतले नाहीत. मात्र ‘हे नेमकं कशाचं आहे’ हे दोनदा विचारलं.

आता शरीराबद्दल, कारण खरी मौज तिथेच आहे.

पहिले दोन महिने दुखतात ते स्नायू नव्हेत, कातडी. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची खोबण, पावलाचा वरचा भाग, काखेखाली. पोल सिट नावाचा अगदी प्राथमिक प्रकार आहे: दोन मांड्यांमध्ये पोल आवळून, हात सोडून बसायचं. बघणाऱ्याला वाटतं बाई निवांत बसली आहे. बाईच्या मांडीची कातडी त्या वेळी पिळली जात असते आणि ती दात-ओठ खात हसत असते. निळे-काळे डाग पडतात, त्यांना पोलवाले लाडाने ‘पोल किस’ म्हणतात. मी तापासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी दंडावरचे डाग बघितले, नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ मी फोनमधला व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा बघितला आणि म्हणाले, ‘खांद्याचा व्यायाम वेगळा करता की नाही?’ डॉक्टर असावेत तर असे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कातडी निबर होते आणि दुखणं बरंच कमी होतं.

चढणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एक पाऊल पोलच्या मागे आकड्यासारखं अडकवायचं, नडगी पोलला पुढून टेकवायची, दुसऱ्या पायाची पोटरी मागून दाबायची, म्हणजे पोल दोन पायांमध्ये घट्ट धरला जातो. मग हात वर सरकवायचे आणि गुडघे पोटाकडे ओढून पाय वर घ्यायचे. सगळं ओझं हातांवर टाकलंत तर दुसऱ्याच पकडीला दम संपतो. चढतात ते पाय आणि पोट, हात फक्त जागा धरून ठेवतात. हे तोंडी कितीही समजावलं तरी कळत नाही. एक दिवस शरीराला कळतं आणि पाठोपाठ डोक्यालाही. स्लॅबला हात लागला तेव्हा वरची जळमटं डोक्यावर आली.

उलटं होणं, म्हणजे इन्व्हर्ट, घाईने शिकू नका. खांदे कानांपासून खाली ओढून धरता येत नसतील तर उलटं व्हायचं नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी खांदे वाचतील. एका स्टुडिओत पहिल्याच आठवड्यात ‘चला, उलटे व्हा’ म्हणून बायकांना ढकलत होते. मी पुन्हा तिकडे गेले नाही. आपल्याकडे पोल शिकवायला कुठलं प्रमाणपत्र सक्तीचं नाही, तेव्हा पहिल्या दिवशी तीनच गोष्टी बघा: जाड क्रॅश मॅट, म्हणजे पडल्यावर झेलणारी गादी, आहे का, शिकवणारी जवळ उभी राहून आधार देते का, आणि दोन्ही बाजू करून घेते का. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त टाळली जाते. उजवीकडून छान जमतं म्हणून सगळ्या उजवीकडूनच करतात, आणि वर्षभरात एक खांदा पहिलवानाचा आणि एक कारकुनाचा होतो. मीही डावीकडून करताना अजून कण्हते, पण करते.

वजन किती उतरलं हा प्रश्न हमखास येतो. फारसं नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पोलचा तासाभराचा क्लास मोजला, तेव्हा तो सरासरीने मध्यम तीव्रतेच्या व्यायामात बसला. म्हणजे पळण्याला पर्याय म्हणून बघू नका. ताकद मात्र वेगळ्याच जातीची येते. गेल्या महिन्यात वीस लिटरची पाण्याची बाटली मी एकटीने उचलून डिस्पेन्सरवर ठेवली. हे काम गेली पंधरा वर्षं मी कुणाची तरी वाट बघत थांबवून ठेवत असे. आणखी एक सांगते. आरशासमोर शॉर्ट्समध्ये उभं राहिलं की माझी नजर पहिल्यांदा पोटावर जायची. आता ती खांद्यांवर जाते: खाली आहेत ना, कानाला चिकटले नाहीत ना. पोट आहे तिथेच आहे, त्याच्याकडे बघायला वेळ नाही.

शॉर्ट्सवरून आठवलं. लोकांचा सगळा आक्षेप इथे येऊन थांबतो. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘अगं, व्यायामच आहे तर लेगिंग घाल की. एवढी चड्डी कशाला?’ मी वाद घातला नाही. लेगिंग घालून पोलवर बसून दाखवलं, आणि अर्ध्या मिनिटात सरकत जमिनीवर आले. कापड स्टीलवर घसरतं, कातडी धरते. त्यांनी पोलला हात लावला, स्वतःच्या साडीची कड त्यावर घासून बघितली, आणि ‘हं’ म्हणून आत गेल्या. विषय संपला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून पोल काढून ठेवू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘काढतेस कशाला? परत लावायला चार तास घालवशील.’ दुपारी बघते तर पोलला वरून खालपर्यंत झेंडूची माळ गुंडाळलेली. शेजारच्या काकूंनी विचारलंच, तर म्हणाल्या, ‘सुनेचा व्यायामाचा खांब आहे. वर छताला हात लावून येते ती.’ संध्याकाळी झेंडूचे पिवळे डाग पुसताना माझे हात दुखले, पण तक्रार नाही.

भजनी मंडळाची आणि सोसायटीची मला भीती होती, तिकडे हे असं झालं. त्रास झाला तो शिकल्या-सवरलेल्या मंडळींचा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने ‘मग आम्हाला शो कधी?’ विचारलं, आणि बाकीचे हसले. दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर नोटा उधळणारा स्टिकर टाकला. बारची भाषा त्यांच्या तोंडी होती, सासूबाईंच्या नव्हे. नवऱ्याला पोलचं काहीच नाही. माझे खांदे बघून त्याला कौतुक आहे, स्क्रूही तोच आवळतो. पण मी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकते यावर आमचं अजून जमलेलं नाही. त्याचं म्हणणं, कोण बघतंय ते तुला माहीत नसतं. माझं म्हणणं, ते मॅरेथॉनच्या फोटोंनाही लागू आहे. हे भांडण मिटलं असं खोटं लिहिण्यात अर्थ नाही. व्हिडिओ मी टाकते, तो लाइक करत नाही.

या सगळ्यावर एक तयार उत्तर मिळतं, आणि ते मराठी माणसाच्या तर जिभेवरच असतं: ‘अहो, हे आपलं मल्लखांबच!’ मलाही कितीतरी जणांनी हे सुचवलं, असं सांग म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही. मी तसं सांगत नाही. मल्लखांबाबद्दल मला आदर आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नव्याने उभा केला. २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. शिवाजी पार्कवरच मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्हींत शरीराची गणितं जुळतात हेही खरं. पायांची जी पकड मी रडत-खडत शिकले तिच्यासाठी मल्लखांबवाल्यांकडे अढी, तेढी असे शब्द कधीचे तयार आहेत. पण तो खांब लाकडी, खाली जाड आणि वर निमुळता, आणि त्याला चक्क एरंडेल लावतात. आमच्या क्रोमच्या पोलला एरंडेल लावून बघा.

मुद्दा वंशावळीचा आहे. मी जे शिकते, त्या गिरक्या, ती जमिनीवरची लोळण, ते सात-आठ इंची टाचांचे बूट, हे सगळं उत्तर अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांत पोटासाठी नाचणाऱ्या बायकांनी घडवलं. नव्वदच्या दशकात कॅनडाच्या फॉनिया माँडीसारख्या नर्तकींनी ते बाहेरच्या बायकांना शिकवायला सुरुवात केली. मग २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स फेडरेशन आली, नियम आले, गुण आले. २०१७ मध्ये जागतिक क्रीडा संघटनांच्या महासंघाने तिला निरीक्षकाचा दर्जा दिला. प्रतिष्ठा मिळाल्यावर काय झालं? २०१५ च्या सुमाराला ‘नॉट अ स्ट्रिपर’ असा हॅशटॅग लावून हौशी बायका आपले फोटो टाकायला लागल्या. स्ट्रिपर बायका चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. कसब आमचं घ्यायचं आणि वर आमच्यापासून चार हात लांब उभं राहायचं, हा कुठला न्याय?

आपल्याकडे तर हे फार जवळचं आहे. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्सबार बंद झाले तेव्हा हजारो बायकांचं काम गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी रद्द ठरवली, पुन्हा नवे कायदे आले, २०१९ मध्ये त्यातल्या काही अटीही शिथिल झाल्या. त्या बहुतेक बारमध्ये पोल नव्हताच, बायका घागऱ्यात किंवा साडीत हिंदी गाण्यांवर नाचायच्या. तरी ‘पोल’ म्हटलं की माणसांना डान्सबारच आठवतो, कारण डोक्यात खांब नसतो, बाई असते. ‘मी तसली नाही, मी फिटनेसवाली’ असं म्हणून मी सुटेनही, पण मग ‘तसली’ कोण आणि तिने काय वाईट केलं, हे मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून ऑफिसात मी आता सरळ सांगते: हो, क्लबमधलंच. अवघड आहे, करून बघ. नोटा उधळणाऱ्याला एकदा पोल सिटचा व्हिडिओ दाखवून ‘दहा सेकंद बसून दाखव’ म्हटलं होतं. तेव्हापासून तो हा विषय काढत नाही.

टाचांबद्दल एक व्यावहारिक सूचना. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या स्पर्धेत त्या चालत नाहीत, पण स्टुडिओत टाचा घालून करायचा वेगळा क्लास असतो आणि तो मला मनापासून आवडतो. घरी मात्र टाइल्सवर त्या आपटल्या की खालच्या मजल्यावरून फोन येतो. जाड मॅट त्यासाठीही लागतो. चार इंचांचा घ्या. योगा मॅटवर भागवू नका, त्याने फक्त मनाला बरं वाटतं.

घेऊ नये असं कुणाला सांगेन? ज्यांना मालकाला न सांगता भाड्याच्या घरात लावायचाय त्यांना, कारण घुमटाच्या रबराचा गोल छतावर उमटतोच आणि काढताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो. काचबिंदू किंवा रक्तदाब असेल तर उलटं होण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि ज्यांनी एकही क्लास केलेला नाही त्यांनी पोल आधी घेऊ नये. व्हिडिओ बघून चढता येईल, पण पडताना धरणारं कुणी नसेल.

मॅट, एक्स्टेन्शन आणि वॉल फॅन धरून माझा खर्च तीस हजारांच्या थोडा आत राहिला. पुन्हा घ्यायचा झाला तर पितळेचा घेईन, जास्तीचे पैसे गेले तरी चालतील, निदान चार महिन्यांचा पावसाळा सुसह्य होईल. विक्रेत्याला फोन कराल तेव्हा आधी आपल्या स्लॅबची उंची मिलिमीटरमध्ये सांगा आणि एक्स्टेन्शन लागेल का, बेअरिंग बिघडलं तर सुटं मिळेल का, हे लेखी मागून घ्या. ‘सगळ्या घरांत बसतो, मॅडम’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि दुसरा विक्रेता बघा.